चेलो कॉन्चेर्टो : एकल चेलो दबतोय, काय करावं?

मंद्रसप्तक :
तीन भागांचा चेलो कॉन्चेर्टो (एकल चेलो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) लिहितोय. पहिल्या भागातल्या दुसऱ्या धुनेत अडलंय. चेलो जी आणि डी तारेवर, मधल्या सीच्या खालच्या सप्तकात आहे. साथीला दोन हॉर्न आणि क्लॅरिनेट लांब स्वर धरून, शिवाय सगळ्या व्हायोला. सगळ्यांना पियानो (हळू वाजवा) लिहिलंय. संगणकावर धून स्वच्छ ऐकू येते, पण सभागृहात ती बुडेल असं एका चेलोवादकाचं मत पडलं. चेलोला फोर्टे (जोरात) करू, की सप्तकाच्या जोड्या लिहू, म्हणजे धून एकाच वेळी दोन तारांवर, सप्तकाच्या अंतराने?

खर्ज :
फोर्टेने काम होणार नाही. संगणकातला चेलो माईक जवळ ठेवून ध्वनिमुद्रित केलेला असतो, त्यावर विसंबू नका. खरी अडचण जागेची आहे. तुमचा चेलो जिथे गातोय तिथेच हॉर्न, क्लॅरिनेट आणि व्हायोलाही भरून वाजतात. धरलेल्या स्वरांचा असा थर कितीही हळू वाजला तरी धून झाकतो.

मधली जागा रिकामी करा. हॉर्न आधी काढा. स्वरसंगती बासऱ्यांना वर द्या, खाली डबल बेसचं पिझिकाटो (बोटाने तार छेडणं) पुरेसं आहे. व्हायोला हव्याच असतील तर दोनच डेस्क (एका डेस्कवर दोन वादक) ठेवा आणि त्यांना तुटक स्वर द्या, मध्ये विराम हवेत. वाद्यवृंदातल्या चेलोंना ही धून अजिबात देऊ नका. एकलवादक त्यांच्यात विरघळतो.

इतर संगीतकारांनी काय केलं बघा. श्योस्ताकोविचचा पहिला चेलो कॉन्चेर्टो (1959): एकच हॉर्न, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन नाहीतच. उलट ड्वोर्झाकने (1894-95) तीन हॉर्न, तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबा घेतला, पण त्यांचं पूर्ण बळ चेलो थांबतो तिथे वापरलं. एल्गारच्या 1919च्या कॉन्चेर्टोत मुख्य धून आधी व्हायोला एकट्याच मांडतात, मग चेलो उचलतो. ती पानं स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) समोर ठेवून वाचाच, फार सुंदर लिहिलंय.

अंगठा_वर :
जोड्यांबद्दल. शेजारच्या तारांत पाच स्वरांचं अंतर असतं, म्हणून सप्तकासाठी बोटांना आणखी पाच अर्धस्वर ताणावं लागतं. चेलोच्या मानेजवळ ताणलेला हातही चारच अर्धस्वर पोचतो. खालचा स्वर मोकळ्या तारेचा नसेल तर अंगठा तारेवर आणावा लागतो, म्हणजे हात बराच वर. तुमच्या जागी ते जमणार नाही, आणि सलग सप्तकं बेसूर व्हायला वेळ लागत नाही. सहाव्या स्वराच्या जोड्यांना एक-दोन अर्धस्वरांचाच ताण पडतो, त्या लिहा.

त्यापेक्षा धून एक सप्तक वर, ए तारेवर न्या. चेलोचा आवाज तिथे सर्वात दूर पोचतो. मूळ सप्तकातली धून पुनरावृत्तीला ठेवा, तीही फक्त पिझिकाटोवर.

गजाचंही (बो) बघा. 60च्या लयीत (मिनिटाला 60 मात्रा) फोर्टिसिमोचा, म्हणजे खूप जोरातला, एक स्वर गजाच्या एका ओढीत जेमतेम चार मात्रा टिकतो. तुमची लिगातुरा (एका ओढीत वाजवायचे स्वर जोडणारी कमान) दोन मापांवर (बार) असेल तर वादक ती तोडणारच. कुठे तोडायची ते तुम्हीच ठरवून लिहा.

मंद्रसप्तक :
हॉर्न काढले, व्हायोला दोन डेस्कवर आणल्या. धून वर नेली तर क्लॅरिनेट खाली राहू देऊ का?

खर्ज :
चालेल, पण धुनेपासून किमान पाच स्वर खाली. स्कोअरची छापील प्रत घ्या, चेलोच्या प्रत्येक स्वराच्या वर-खाली पाच स्वरांत जे जे वाद्य धरून वाजतंय त्यावर लाल पेन्सिल फिरवा. एका मापात दोनहून जास्त लाल खुणा दिसल्या, तर ते माप पुन्हा लिहा.