ट्रायथलॉनला मोजे घालायचे की नाही? गोव्याच्या २१.१ किलोमीटर धावण्यासाठी विचारते आहे

करवीरची_सायकल

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, वय ४६, शाळेत गणित शिकवते. गोव्याच्या ७०.३ला, म्हणजे एकूण ७०.३ मैलांच्या ट्रायथलॉनला, नाव नोंदवलंय. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. अडलंय ते मोज्यांपाशी. जरा सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी मी पहिली ऑलिंपिक अंतराची शर्यत केली, १.५ किलोमीटर, ४० आणि १०. ग्रुपमधल्या सगळ्यांनी सांगितलं, मोजे घालू नकोस, वेळ जातो. आमचे कोचही हेच म्हणाले. म्हणून मी तलावातून बाहेर आले आणि ओल्या पायांवरच सायकलचे बूट चढवले. सायकलवर काही जाणवलं नाही. धावायला लागल्यावर तिसऱ्या किलोमीटरला डाव्या टाचेला चुरचुरायला लागलं आणि सहाव्याला तळव्याच्या कमानीखाली चटका बसल्यासारखं झालं. तरी पळत राहिले. शर्यत संपल्यावर बूट काढला तर आतला सोल पायाला चिकटून बाहेर आला. त्यावर रक्त होतं. त्यानंतर तीन आठवडे शाळेत चप्पल घालून उभी राहून शिकवलं.

पहिले ६ किलोमीटर माझा वेग ७:१० होता, शेवटचे ४ किलोमीटर ९:३० ने गेले. म्हणजे दर किलोमीटरला २ मिनिटं २० सेकंद जास्त, चार किलोमीटरना ९ मिनिटं २० सेकंद. मोजे घालायला नऊ मिनिटं लागत नाहीत, एवढं मला कळतं. पण कोचांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांनी माझ्यावर खूप मेहनत घेतलीय, त्यांचा शब्द असाच बाजूला टाकवत नाही. त्यांचं म्हणणं असं की पायाला सवय झाली नव्हती, अजून दोन महिने आहेत, सवय कर.

तर ज्यांनी हे अंतर केलंय त्यांनी सांगा. तुम्ही मोजे घालता का? घालत असाल तर सायकलच्या आधी की धावण्याच्या आधी? आणि ओल्या पायावर ते चढवता कसे? मी व्हरांड्यात बादलीत पाय बुडवून घड्याळ लावून बघितलं, दोन्ही पायांचे मिळून ३८ सेकंद लागले. मोजा टाचेपाशी अडकतो आणि पिळा पडतो.

नाशिकचा_घाट

ताई, घाला. सायकलच्या आधीच घाला. मी गोवा तीनदा केलंय, तिन्ही वेळा मोजे घालून.

तिथला खरा प्रश्न वाळूचा आहे. तलावात पोहलात तेव्हा पाय फक्त ओले झाले. मिरामारला पाण्यातून बाहेर आल्यावर किनाऱ्यावरून पळत यावं लागतं आणि ती बारीक वाळू बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, टाचेच्या भेगांत जाऊन बसते. तीच वाळू घेऊन बूट घातला की पुढचे तीन-साडेतीन तास पायाला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. सायकलवर कळत नाही, कारण तिथे पाऊल बुटात फारसं हलत नाही. धावायला लागलं की कळतं. म्हणून सायकलपाशी एक जुनी पाण्याची बाटली आणि जुना पंचा ठेवतो. आधी बाटलीतलं पाणी पावलांवर, मग पंचा. पंचा खाली अंथरून त्यावर नुसते पाय आपटून काम होत नाही, खाली बसून प्रत्येक बेचकं पुसायचं. यात २५ सेकंद जातात आणि ते जाऊ द्यायचे.

मोजे चढवायची रीत अशी. आदल्या रात्री मोज्यात थोडी टाल्कम पावडर टाकून तो हलवून घ्यायचा. मग वरून गुंडाळत गुंडाळत बोटांपर्यंत आणायचा, म्हणजे त्याचं गोल कडं होतं. बोटं आत घातली की ते कडं टाचेवरून मागे उलगडत जातं, ओढावं लागत नाही. टाचेची बाजू खाली ठेवूनच गुंडाळा, म्हणजे पिळा पडणार नाही. दहा-बारा वेळा सराव करा, ३८ चे २० होतील.

मोजे पातळ, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे. सुती अजिबात नको. सुती मोजा पाणी पितो आणि सोडत नाही, दिव्याच्या वातीसारखा. शिवाय पायावर ढिला होऊन चुण्या पडतात.

अजून एक, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. धावताना गोव्यात ऊन आणि दमट हवा इतकी असते की प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी आपण ग्लास डोक्यावर ओततो. ते पाणी पाठीवरून, मांडीवरून, पोटरीवरून थेट बुटात जातं. तेव्हा ओतताना कमरेतून पुढे वाका, पाणी डोक्यावरून जमिनीवर पडू द्या. माझे मोजे त्या वर्षी पोहण्यामुळे कमी आणि या पाण्यामुळे जास्त भिजले होते.

तळजाईचा_पळपुटा

मी उलट्या बाजूचा. वय २७, पुण्यात असतो, स्प्रिंट (ऑलिंपिकपेक्षा छोटं) आणि ऑलिंपिक अंतर करतो, मोजे घालत नाही. पण तुमचं वाचून वाईट वाटलं. तुम्हाला कोणीतरी ‘घालू नका’ एवढंच सांगितलं, पुढचं सांगितलंच नाही.

विनामोज्याचं धावायचं तर त्याची तयारी वेगळी असते. मी बुटाची एक जोडी फक्त त्यासाठी ठेवलीय. आत बोट फिरवून सगळ्या शिवणी तपासल्या, अंगठ्याजवळ एक उंच शिवण होती तिथे पातळ टेप लावली. पहिल्या आठवड्यात फक्त एक किलोमीटर, मग दीड, मग दोन, असं करत दोन महिन्यांनी दहा. ओल्या पायाने वेगळा सराव. शर्यतीच्या दिवशी बुटाच्या आत टाचेची कड, जिभेची कड आणि करंगळीची बाजू इथे व्हॅसलिन, सोलवर पावडर. लेस इलॅस्टिकची. एवढं करून मी दहा किलोमीटर पळतो. त्यापुढे कधी पळलेलो नाही, म्हणून तुमच्या २१.१ बद्दल मी छातीठोक काही सांगणार नाही.

टीव्हीवर ऑलिंपिकमधले खेळाडू मोजे न घालता पळताना दिसतात आणि सगळे तेच शिकतात. पण त्यांचं कारण वेगळं आहे. त्यांच्या शर्यतीत सायकलवर दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला परवानगी असते. त्यामुळे पाण्यातून आल्यावर दहा सेकंद गेले तर पुढचा घोळका सुटतो आणि मग ४० किलोमीटर एकट्याने वारा कापत बसावं लागतं. ते दहा सेकंद पुढे मिनिटभराचे होतात. गोव्यात तसं मागे चिकटून चालवायला बंदी आहे. तिथे सगळे आपापला वारा खातात, सुटायला घोळकाच नसतो. म्हणजे तुमचे २० सेकंद २० सेकंदच राहतात. हा फरक तुमच्या कोचांशी बोलून बघा, त्यांना पटेल असं वाटतं.

सांगलीची_त्वचा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, स्वतः हाफ मॅरेथॉन पळते. टाचेच्या फोडाबद्दल थोडं.

फोड वरून घासून होतो असं आपण समजतो. खरं तर वरची कातडी बुटाला धरून राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे होत राहतं. मधले थर ताणले जाऊन आतल्या आत फाटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणून कातडी बुटाला किती धरते यावर सगळं आहे. कोरडी कातडी कमी धरते. ओलसर, घामेजलेली कातडी सगळ्यात जास्त धरते. पातळ मोजा घातला की थोडी हालचाल मोजा आणि बूट यांच्यात होते, तेवढी कातडीची ओढाताण वाचते. कोरडं ठेवणं हा मोज्याचा निम्माच उपयोग आहे.

व्हॅसलिनने सुरुवातीला घर्षण नक्की कमी होतं, पण काही वेळाने ते जिरतं, पसरतं, आणि मग उलट वाढू शकतं. दहा किलोमीटरच्या शर्यतीला ते पुरतं. तुमचं व्हॅसलिन सकाळी लावलेलं आणि धावणं सायकलच्या तीन-साडेतीन तासांनंतरचं. त्यावर विसंबू नका. पावडरही घामात भिजली की तिच्या गुठळ्या होतात, तेव्हा अगदी हलका हात.

सवय करण्याबद्दल. कातडी जाड होते हे खरं. पण जाड घट्ट्याच्या खाली फोड झाला तर तो खोल असतो, फोडताही येत नाही, आणि तुमच्या टाचेवर आधीच जखम भरलेली नवी कातडी आहे. दोन महिन्यांत तिला एवढं शिकवायला मी सांगणार नाही.

एक विचारते, साखर तपासलीय ना? वाचणाऱ्यांपैकी कोणाला मधुमेह असेल तर विनामोज्याचा प्रयोग अजिबात करू नका, शर्यत कितीही छोटी असो. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर ताईंना तिसऱ्या किलोमीटरला जे कळलं ते तुम्हाला घरी जाऊन बूट काढल्यावर कळेल.

माउलींची_पायवाट

मला ट्रायथलॉनमधलं काही कळत नाही, मुलगी करते म्हणून इथे वाचत असतो. एसटीत ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. अकरा वर्षं आळंदी ते पंढरपूर वारी चालतोय. पायाचं मात्र थोडं कळतं.

पहिल्या वर्षी नवे बूट घेऊन गेलो होतो. दिवे घाट चढून सासवडला पोचेपर्यंत दोन्ही टाचा गेल्या. नवी चप्पल चावते हे लहानपणापासून माहीत, तरी बूट चावणार नाही असं वाटलं. तेव्हापासून नियम केलाय, पायात जे घालायचं ते दोन महिने जुनं पाहिजे. मोजासुद्धा. पावसात मोजा भिजला की विसाव्याला बसल्याबरोबर बदलायचा, पाऊल कोरड्या फडक्याने पुसायचं, मगच चहा. दुपारनंतर पाय सुजतात, सकाळी बरोबर बसणारा बूट संध्याकाळी आवळतो. तेव्हा अर्धा नंबर मोठा घ्यावा. नखं आठ दिवस आधी कापावीत, आदल्या दिवशी नको.

आमच्या दिंडीत फोडातून सुईने दोरा ओवून ठेवतात, पाणी झिरपत राहतं म्हणून. डॉक्टरताई, हे बरोबर आहे का?

सांगलीची_त्वचा

काका, दोरा ठेवू नका. पाणी बाहेर येतं तशी घाण त्याच दोऱ्यावरून आत जाते. फोड लहान असेल, दुखत नसेल तर तसाच झाकून ठेवा. मोठा आणि दुखरा असेल तर जागा साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला खालच्या बाजूला एक छिद्र, पाणी हलकेच दाबून काढायचं आणि वरची कातडी तशीच ठेवायची. ती ओढून काढू नका, तिच्यासारखी पट्टी दुसरी नाही. मधुमेह असेल तर हेही घरी करू नका, दवाखान्यात दाखवा. बाकी तुमचं जुने बूट आणि बदललेला मोजा अगदी योग्य.

करवीरची_सायकल

सगळ्यांचे मनापासून आभार. साखर तपासली, व्यवस्थित आहे.

दोन रविवार प्रयोग केला. पहिल्या रविवारी पहाटे राजाराम तलावात पोहले, मग कागल-निपाणीच्या बाजूला ६० किलोमीटर सायकल, परत येऊन विद्यापीठाच्या आवारात १२ किलोमीटर धावणं. डाव्या पायात मोजा, उजवा तसाच. दुसऱ्या रविवारी तेच अंतर, तोच रस्ता, तेच बूट, फक्त पाय बदलले. एकाच रविवारवर निकाल दिला असता तर डाव्या पायाची जुनी जखम हिशेबात आली असती.

पहिल्या रविवारी उजवा उघडा पाय आठव्या किलोमीटरपर्यंत शांत होता. नंतर चवड्याखाली गरम लागायला लागलं, बाराव्याला तिथे रुपयाएवढा लाल डाग. मोज्यातला डावा पाय, तोच दुखरा, पूर्ण ठीक. दुसऱ्या रविवारी डावा उघडा होता. पाचव्या किलोमीटरला टाच इतकी चुरचुरली की मी थांबले, बरोबर आणलेला मोजा घातला आणि मगच उरलेलं अंतर पळाले. पण त्या दिवशी मोज्यातल्या उजव्या पायालाही करंगळीपाशी बारीक फोड आला. बघितलं तर मी मुद्दाम डोक्यावर पाणी ओतून घेतलं होतं, सरळ उभी राहून, आणि भिजलेल्या मोज्याची चुणी तिथे जमली होती. नाशिककर दादा, पुढे वाकायचं म्हणालात ते आता पक्कं लक्षात राहील.

हे सगळं वहीत लिहून कोचांना दाखवलं. घोळक्याचा मुद्दाही सांगितला. ते बराच वेळ वही बघत बसले. मग म्हणाले, स्प्रिंटला मी तुला पुन्हा तेच सांगेन, पण गोव्याला घाल. मला फार बरं वाटलं.

आता ठरलंय ते असं. समुद्रातून आल्यावर बाटलीचं पाणी, पंचा, मोजे. सायकलवरून उतरल्यावर धावायच्या बुटात ठेवलेली दुसरी कोरडी जोडी, काकांच्या चहाआधीच्या नियमाप्रमाणे. गुंडाळलेले मोजे पावडरसकट आता दोन्ही पायांचे मिळून १९ सेकंदांत चढतात, दोनदा म्हणजे ३८. व्हरांड्यात पहिल्यांदा तेवढेच लागले होते, एकदाच घालायला.

एकच राहिलं. करंगळीजवळ चुणी पडू नये म्हणून बोटांचे वेगवेगळे कप्पे असलेले मोजे कोणी वापरलेत का? ओल्या पायाने पाचही बोटं आत घालायला किती वेळ लागतो?

नाशिकचा_घाट

वापरलेत. पळायला फार छान, बेचक्यांत फोड येतच नाहीत. पण पाण्यातून आल्यावर बोटं ओली असतात, मला एका पायाला पाऊण मिनिट लागलं. घालायचेच असतील तर ते दुसऱ्या वेळेला ठेवा, धावायच्या आधी. तोवर पाय बऱ्यापैकी सुकलेले असतात. आणि उद्याच घ्या, म्हणजे तोपर्यंत जुने होतील.