मदत हवी आहे: मामा (माजी मालगुजारी) तलावाचा पाणी-अहवाल, पोट्ट्यांना पोहू द्यायचं का?

भंडारा जिल्ह्यातलं गाव. ग्रामपंचायतीला तलावावर पोहण्याचा घाट आणि दोन डोंगे सुरू करायचे आहेत. एप्रिलचा अहवाल: सामू ८.४, विरघळलेला ऑक्सिजन ९.१, बीओडी (घाण कुजवताना जंतू खातात तो ऑक्सिजन) ४.६, फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) >१६००. शेरा 'डी वर्ग'. कमाल मर्यादा २५०० आहे म्हणतात, मग १६०० चालेल ना?

सभासद 'नळीमोजणी': त्या १६०० च्या आधीचं '>' चिन्ह बघा. १०, १ आणि ०.१ मिलीच्या पाच-पाच नळ्या लावतात. पंधराही नळ्यांत जंतू निघाले की तक्ता संपतो, म्हणून '>१६००' लिहितात. खरा आकडा २००० असेल किंवा ५००००. नमुना शंभरपट पातळ करून परत मोजायला सांगा. निर्जंतुक बाटली, पोट्टे जिथे उतरणार तिथलंच पाणी, फूटभर खोलीवरून, बाटलीत थोडी हवा ठेवून. बर्फात घालून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत.

'डी' म्हणजे मासे आणि वन्यजीवांना चालणारं पाणी. आंघोळीचा वर्ग 'बी': ऑक्सिजन किमान ५, बीओडी ३ पर्यंत, एकूण कोलिफॉर्म ५०० पर्यंत. तुमचं २५०० फीकल कोलिफॉर्मचं, वेगळ्या निकषातलं. तिथेही हवी ती पातळी ५००च. बीओडीवर तर तुम्ही आत्ताच अडलात.

सभासद 'पाळीवरून': ९.१ ऑक्सिजन बघून खूश होऊ नका. ३० अंशाच्या पाण्यात साधारण साडेसातच मावतो. वरचा शेवाळाने उन्हात सोडलेला. नमुना दुपारचा असणार. पहाटे मोजा, मासे वर येऊन तोंड उघडत असतील. हिरव्या ऑइलपेंटसारखी साय दिसली तर पोट्टे आणि ढोरं दोन्ही लांब ठेवा.

आणि कुणी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं सुचवेलच. मासे मरतील, चार दिवसांत जंतू परत.

प्रश्नकर्ता: एच२एसची बाटली (जंतू असले की पाणी काळं करणारी तपासणी) लावून पाहिली तर? डोंग्यांचं काय?

नळीमोजणी: ती बाटली हँडपंप-नळासाठी. उघड्या तलावाच्या पाण्याने ती काळी होणारच, किती जंतू ते कळत नाही. डोंगे चालतील, निकष अंग बुडवण्यासाठी आहेत. लाइफ जॅकेट हवंच, उतरल्यावर साबणाने हात धुवा. पायाला जखम असेल तर पाण्यात नको. ढोरा-उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप या अहवालात दिसत नाही. मृगाच्या पहिल्या सरींनंतर तीन दिवस घाट बंद ठेवा, सगळी गोदरी (उघड्यावरची विष्ठा) तेव्हाच वाहून येते.