‘टॉलरन्स’ला ‘सहिष्णुता’ म्हणावं का?

सुपारीफोड: किडनी बदललेल्या रुग्णांसाठी एका पुस्तिकेचं मराठी करतोय. ‘रिजेक्शन’ला, म्हणजे शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर हल्ला करतं त्याला, ‘अस्वीकार’ आणि ‘इम्यून टॉलरन्स’ला, म्हणजे औषधाशिवायही शरीर असा हल्ला करत नाही त्याला, ‘प्रतिकारशक्तीची सहिष्णुता’ लिहिलं. आईने वाचून विचारलं, सर्वधर्मसमभावावर आहे का हे? दुसरं काही सुचवा.

कोयकलम: ‘मानवणं’ घ्या की. हवा मानवते, औषध मानवतं, तशी किडनी मानवली. आमच्याकडे आंब्याच्या काडीला पालवी फुटली की ‘कलम लागलं’ म्हणतात, तेही चालेल.

तिसरी घंटा: अजिबात नको! मावशीची नवी किडनी नऊ वर्षं उत्तम चालली आहे, रक्तातलं क्रिएटिनिन १.२, म्हणजे किडनी नीट गाळतेय. तरी सकाळी आठ आणि रात्री आठला टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी, गोळी चुकत नाही, मोबाइलला गजर लावलेला. याला कलम लागलं म्हणा हवं तर, पण मानवलं नव्हे. शरीराला दाबून ठेवलंय. ‘मानवली’ वाचून कुणी गोळ्या सोडल्या तर?

जुनी वही: घंटाताईंशी सहमत. पण खऱ्या टॉलरन्सला ‘मानवणं’च शोभतं. मेडावर, बिलिंगहॅम आणि ब्रेंट या शास्त्रज्ञांनी १९५३ साली छापलेला प्रयोग बघा. उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या वाणाची कातडी त्याच्या अंगावर टिकली, तिसऱ्या वाणाची मात्र गळून पडली. औषधाशिवाय, आणि तेवढ्यापुरतंच. मानवण्यात सोसणं नसतं, हे महत्त्वाचं. ‘सहिष्णुते’त दात-ओठ खाऊन गप्प बसल्याचा वास येतो.

सुपारीफोड: आणि ‘अस्वीकार’?

तिसरी घंटा: अर्ज परत आल्यासारखं वाटतं. शिवाय ‘नाकारली’ म्हटलं की संपलंच. मावशीला चौथ्या महिन्यात रिजेक्शन झालं होतं. बायोप्सीत कळलं, तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, उतरलं. किडनी तीच आहे अजून.

जुनी वही: मग ‘उठणं’ कसं वाटतं? जिवावर उठतात, तसं शरीर किडनीवर उठलं. उठलेलं शमवताही येतं.

कोयकलम: वा! आमचा आंबा बरा, एकदा लागला की गोळ्या नाहीत.

सुपारीफोड: असं लिहितो: “शरीर नव्या किडनीवर उठू शकतं. याला रिजेक्शन म्हणतात. गोळ्या त्याला दाबून धरतात. किडनी नीट चालतेय म्हणजे ती शरीराला मानवली असं समजू नका.” ‘रिजेक्शन’ तसंच ठेवतो, ओपीडीत तोच शब्द कानावर पडणार. ‘सहिष्णुता’ खोडली.