गुडघ्याची वाटी आणि तिच्यामागची कूर्चा : आपले अनुभव लिहावेत

सिंहगड चढताना मला काहीही झाले नाही. उतरताना मात्र उजव्या वाटीमागे असे ठणकू लागले की शेवटचा टप्पा मी आडवी पावले टाकत उतरले. घरी सर्वांनी एकच निदान केले : वंगण संपले. एमआरआयच्या अहवालात ‘वाटीच्या कूर्चेला दुसऱ्या श्रेणीची इजा’ (कूर्चा म्हणजे सांध्यात हाडावर असलेले गुळगुळीत, लवचिक आवरण) असे शब्द वाचून मी धास्तावले आणि जिना पूर्णपणे सोडला, हीच माझी चूक झाली. सहा महिन्यांनी शिंपीकामाच्या फितीने मोजले तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरली.

फिजिओथेरपिस्टबाईंनी नीट समजावले ते असे. कूर्चेला मज्जातंतू नसतात, म्हणजे ती स्वतः दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड आणि सांध्याचे अस्तर, त्यामुळे अहवालातली श्रेणी आणि प्रत्यक्षातली वेदना यांचा मेळ बसेलच असे नाही. तिला रक्तवाहिन्याही नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि त्यासाठी तिच्यावर दाब पडून सुटत राहावा लागतो, म्हणून निव्वळ विश्रांती तिला मानवत नाही. जिन्यावर वाटीमागे शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो, तर खोल उकिडवे बसताना तो कितीतरी वाढतो. हा भार पेलायचा तो मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंनी. आपणही आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

एक निवृत्त शिक्षक
मला चालताना त्रास नव्हता, बसल्यावर होता. नाटकाच्या दुसऱ्या अंकापर्यंत गुडघा दुमडून बसलो की उठताना वाटी जखडल्यासारखी वाटे. एक्स-रे स्वच्छ आला. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही, हे मला तेव्हा कोणीही सांगितले नव्हते. आता कडेची खुर्ची घेतो आणि पाय लांब करतो.

एक गृहिणी
उकिडवे बसून फरशी पुसणे बंद केले आणि लांब दांड्याचे पुसणे आणले. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम मला फार क्षुल्लक वाटला होता, परंतु तिसऱ्या महिन्यात भाजीची पिशवी घेऊन दोन मजले न थांबता चढले. करकर आवाज अजूनही येतो. दुखत नसेल तर त्या आवाजाची चिंता नको, असे डॉक्टरांनी सांगितले आणि मी ते मानले.

एका मुलीचे वडील
मुलगी पंधरा वर्षांची आहे, भरतनाट्यम शिकते. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून अर्धवट बसण्याच्या स्थितीत, वाटीभोवती दुखू लागले तेव्हा एका ठिकाणी थेट शस्त्रक्रियेचा विषय निघाला. दुसरे मत घेतले, हे फार बरे झाले. तपासणीत गुडघ्यावर सूज नव्हती, तो अडकत नव्हता आणि चालताना दगाही देत नव्हता. या तिन्हींपैकी काही असते तर पुढील तपासण्या तातडीने केल्या असत्या, असे त्या डॉक्टरांनी स्पष्ट केले. नृत्य थांबवले नाही, सरावाची वेळ निम्मी केली आणि व्यायामाबरोबर ती हळूहळू वाढवत नेली. गेल्या आठवड्यापासून ती पुन्हा पूर्ण तास नाचते आहे.