प्रतिसाद: 50 हर्ट्झवर थेंब 100 वेळा का थरथरतो?

वर एकांनी विचारलंय की इलेक्ट्रोवेटिंगमध्ये (व्होल्टेज लावून पृष्ठभागावरचा पाण्याचा थेंब पसरवायची, सरकवायची पद्धत) 50 हर्ट्झचा एसी लावला तर थेंब सेकंदाला 50 वेळाच हलायला हवा, मग 100 का? कारण स्पर्शकोनातला (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते त्या कोनातला) बदल व्होल्टेजच्या वर्गावर, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेज यावर अवलंबून असतो. अधिक असो वा उणे, थेंब दोन्ही वेळा पसरतोच. एका आवर्तनात दोन हेलकावे, झालं. त्यात डीसी मिसळलात, तर 50 चा हेलकावाही दिसू लागेल.

पण थरथर किती मोठी, हे थेंबाच्या आकारावर, कारण त्याची नैसर्गिक वारंवारता (आपणहून थरथरण्याचा वेग) आकारावरूनच ठरते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेच्या 1879 च्या सूत्राने 1 मिमी त्रिज्येच्या मोकळ्या पाण्याच्या थेंबाची सर्वांत खालची नैसर्गिक वारंवारता साधारण 120 हर्ट्झ येते. टेफ्लॉनवर बसलेल्या थेंबाची वेगळी, पण अंदाजाला पुरे. काही किलोहर्ट्झच्या वर गेलात की थेंबाला तेवढी सवडच मिळत नाही. तो सरासरीप्रमाणे पसरून गप्प बसतो.

आणि थेंब एका इलेक्ट्रोडवरून पुढच्यावर सरकत नसेल, तर व्होल्टेज वाढवण्याआधी त्याची कड शेजारच्या इलेक्ट्रोडवर थोडी तरी चढलीय का, ते बघा. बहुतेकदा घोडं तिथेच अडतं. कड चिकटून बसली असेल, तर डीसीऐवजी कमी वारंवारतेचा एसी बरा, त्या थरथरीनेच ती सुटते.