ई-पेपरचे पैसे भरले तरी जाहिराती, मग वर्गणी कशाची?

गच्चीवरचा_वाचक
घरी बाबांसाठी कागदी पेपर येतोच. मी फोनवर वाचतो म्हणून एका मराठी दैनिकाच्या ई-पेपरची वर्षाची वर्गणी भरली, तर उघडल्या उघडल्या पानभर सोनाराची जाहिरात, मग बातमीच्या मध्ये बिल्डरचा व्हिडिओ, आणि तो बंद करायची फुली इतकी बारीक की बोट बरोब्बर जाहिरातीवरच पडतं. कस्टमर केअरवाले म्हणे पैसे तुम्ही बातम्यांचे भरलेत, जाहिराती काढायचे नाही. कागदी पेपरातही जाहिराती असतात मान्य, पण तिथे पान उलटलं की झालं ना. आता रिन्यूअल आलंय, ऑटोपे लावलेलं आहे. ठेवू की काढू?

लाइनवाला
आमच्या घरची पेपर एजन्सी आहे म्हणून सांगतो. पाच-सात रुपयांच्या अंकातला चांगला हिस्सा एजंट आणि विक्रेत्याच्या कमिशनमध्येच जातो, उरलेल्यात धड कागद पण सुटत नाही. न्यूजप्रिंट म्हणजे पेपरचा कागद अर्ध्याहून जास्त बाहेरच्या देशांतून येतो, त्यावर 2019च्या बजेटमध्ये 10 टक्के ड्युटी बसली होती, पुढच्या वर्षी ती 5 वर आली. म्हणजे बाबांचा पेपर आजवर सोनार आणि बिल्डरनेच स्वस्त ठेवलाय. 2020ला लॉकडाउनमध्ये दुकानं बंद, जाहिराती बंद, तेव्हा पेपर कसे हडकले होते आठवतंय ना? एप्रिलमध्ये तर सरकारने घरोघरी टाकायलाच बंदी घातली होती, आमची लाइन पूर्ण बसली.

गच्चीवरचा_वाचक
@लाइनवाला अरे पण ई-पेपरला ना कागद लागतो ना लाइन टाकणारी पोरं. वर छापील पेपरला जीएसटी शून्य आणि ऑनलाइनला 18 टक्के, हे कुठलं गणित?

तालुका_प्रतिनिधी
कागद नाही लागत, माणसं लागतात दादा. आणि सोनाराच्या जाहिरातीचं काय घेऊन बसलात, ती दिसते तरी. आमच्याकडे जिल्हा पेपर चालतात ते जाहीर नोटिसा, टेंडर, 26 जानेवारीच्या शुभेच्छा आणि साहेबांच्या वाढदिवसाच्या पानांवर. वाढदिवसाला अख्खी पुरवणी देणाऱ्या साहेबांच्या रस्त्याच्या कामाची बातमी दुसऱ्या दिवशी कोण लावणार? मी असे बरेच मजकूर पाठवलेत जे आतल्या पानाच्या तळाला चार ओळी होऊन आले, काही तर आलेच नाहीत. वर्गणीदार असतील तर संपादकाला निदान नाही म्हणायची सोय राहते, एवढंच माझं म्हणणं.

नुसताच_बघ्या
सोय राहते, पण वापरतात का हा प्रश्न आहे 😄 2009च्या विधानसभेला काय झालं होतं? पत्रकार पी. साईनाथांनी दाखवून दिलं की एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर वेगवेगळ्या पेपरांत शब्दशः तसाच छापून आलाय, बातमी म्हणून. प्रेस कौन्सिलला पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, समिती नेमावी लागली. ते पेपर काय फुकट वाटत होते का? लोक विकतच घेत होते की. वर्गणी भरली म्हणजे पेपर आपला झाला या भ्रमात राहू नका. मी दैनिकाला एक रुपया देत नाही, 'साधना'ची वर्गणी भरतो. साने गुरुजींनी 1948ला काढलेलं साप्ताहिक, अजून चालू आहे.

तालुका_प्रतिनिधी
साप्ताहिकाला रोज रात्री तालुक्यातून बातमी नाही मागवावी लागत हो. ती मागवायचे पैसे कोणी द्यायचे ते पण सांगा की.

लाइनवाला
@गच्चीवरचा_वाचक ऑटोपेचं म्हणशील तर पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज यायलाच हवा, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. यूपीआयने भरलं असशील तर अ‍ॅपमध्ये ऑटोपे नाहीतर मँडेट असं दिसेल, तिथून रद्द होतं.

गच्चीवरचा_वाचक
मिळालं, रद्द केलं. जाहिराती काढून देणारा प्लॅन आणला तर जास्त पैसे द्यायला पण तयार आहे, तसं त्यांना मेलमध्ये लिहिलंय. @तालुका_प्रतिनिधी तुमच्या पेपरची ऑनलाइन वर्गणी आहे का?

तालुका_प्रतिनिधी
नाही. पीडीएफ येते रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर, फुकट. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो असतो.