मदत हवी आहे : महिला हॉकीसाठी जमवलेला निधी नेमका कोठे द्यावा?

नमस्कार. जानेवारी २०२४ मध्ये रांची येथे जपानकडून ०-१ असा पराभव झाल्याने भारतीय महिला हॉकी संघाची पॅरिस ऑलिंपिकची संधी हुकली. टोकियोत चौथे स्थान मिळवलेल्या संघावर ही वेळ यावी, हे आम्हा माजी खेळाडूंच्या मनाला फार लागले. संघ २०२८ साली लॉस एंजेलिसला पोहोचावा, यासाठी आपलाही खारीचा वाटा असावा म्हणून आमच्या माजी विद्यार्थिनी मंडळाने थोडा निधी जमवला आहे.

अडचण अशी की, राष्ट्रीय संघामागे २०१८ पासून ओडिशा सरकार प्रायोजक म्हणून उभे आहे आणि शिबिरांसाठी केंद्राचे साहाय्य मिळते, त्यामुळे आमची रक्कम तेथे दिसणारही नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रीडा विकास निधीस दिलेल्या देणगीवर करसवलत आहे. परंतु ती देणगी केवळ महिला हॉकीसाठीच वापरावी, अशी अट छोट्या देणगीदारास घालता येते का?

मला स्वतःला दुसरा पर्याय अधिक पटतो : आमच्याकडील खेळणाऱ्या मुलींना साहित्य घेऊन देणे. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या सातारा जिल्ह्यातूनच भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. आमच्याकडील मुली मात्र गोलरक्षणाचा एकच संच आळीपाळीने वापरतात, किकरचे (गोलरक्षकाच्या पावलांवरील संरक्षक आवरणाचे) पट्टे तुटल्याने ते सुतळीने बांधलेले असतात (आणि पेनल्टी कॉर्नरला नेमके सुटतात!). कनिष्ठ गटाच्या मापाचे पॅड, किकर व हेल्मेट जालंधरच्या उत्पादकांकडून थेट मागवता येतात का, आणि किमान किती संच घ्यावे लागतात, हे अनुभवींनी कृपया कळवावे.